घराविषयी विचारा : चौरस फूट वाढतील, उजेडाचं काय?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीचशी पुनर्विकासाची आहेत आणि जवळजवळ प्रत्येकात एकच विचारणा आहे: किती टक्के वाढीव कार्पेट (घराच्या आतली वापरायची जागा) मिळालं तर सही करावी? मुंबईतल्या सोसायट्यांसाठी आर्किटेक्ट म्हणून काम करण्यात माझं आयुष्य गेलं. टक्क्यांवर भांडून घेतलेली, पण दुपारी बाराला दिवे लावावे लागतील अशी घरं मी पाहिली आहेत. म्हणून पहिलं उत्तर सविस्तर दिलं आहे. इतरांनीही ते वाचावं.

ताई, विलेपार्ले पूर्वेला आमची 1968 सालची तीन मजली सोसायटी आहे. सोळा बिऱ्हाडं. माझं घर 480 चौरस फूट कार्पेट. दोन बिल्डरांच्या ऑफर आल्या आहेत. एक 35 टक्के वाढीव देतो, दुसरा 42 टक्के. कमिटीचा कल दुसऱ्याकडे आहे. माझे वडील म्हणतात, प्लॅन बघितल्याशिवाय सही करायची नाही. कमिटी म्हणते, प्लॅन नंतर येतो. कोणाचं ऐकावं?
*– एक सभासद, विलेपार्ले पूर्व*

वडिलांचं ऐका.

आधी हिशोब करू. 480 वर 35 टक्के म्हणजे 648 चौरस फूट, आणि 42 टक्के म्हणजे साधारण 682. दोन्ही ऑफरमध्ये फरक 34 चौरस फुटांचा. आता दोन्ही बिल्डरांना लेखी विचारा की हे कार्पेट मोफाच्या (जुन्या फ्लॅट मालकी कायद्याच्या) पद्धतीचं की रेराचं. जुन्या पद्धतीत भिंतीपासून भिंतीपर्यंतची, पाय ठेवता येईल अशीच जागा मोजत. 2016 च्या रेरा कायद्यातल्या व्याख्येप्रमाणे घराच्या आतल्या भिंतींची जाडीही कार्पेटमध्ये धरली जाते. दोन बेडरूमच्या घरात पाच इंची भिंती एकूण पन्नास फूट लांबीच्या निघाल्या, तर जवळजवळ 21 चौरस फूट तिथेच गेले. एकाने मोफा कार्पेट सांगितलं असेल आणि दुसऱ्याने रेरा, तर तुमच्या 34 फुटांतले उरले 13. तेवढ्यासाठी सोसायटीत दोन गट पडू देऊ नका.

खरा प्रश्न प्लॅनचा आहे. पार्ल्यातल्या त्या काळच्या इमारतींचे प्लॅन मी पुष्कळ हाताळलेत. एका मजल्यावर चार घरं, मध्ये जिना, प्रत्येक घराला दोन बाजू मोकळ्या. स्वयंपाकघराची खिडकी थेट बाहेर, न्हाणीघराचीही बाहेर. पश्चिमेचा वारा एका खोलीतून शिरून दुसरीतून निघून जातो. घर 480 फुटांचं असलं तरी त्यातला फूट न फूट वापरात असतो, कारण पॅसेज जवळपास नसतोच.

आता त्याच प्लॉटवर विक्रीची घरं धरून मजल्यावर सहा किंवा आठ घरं बसवायची म्हटली की काय होतं? मध्ये लिफ्ट, दोन जिने आणि लॉबी. भोवती घरं. प्रत्येक घराला बाहेरची एकच बाजू नीट मिळते. ती हॉल आणि मोठी बेडरूम घेतात. स्वयंपाकघर आणि दोन्ही बाथरूम डक्टवर, म्हणजे पाइपांसाठी सोडलेल्या अरुंद पोकळीवर, ढकलली जातात. दाराशी हॉल आणि टोकाला बेडरूम, म्हणून मधे तीन फूट रुंद, चौदा फूट लांब पॅसेज. झाले 42 चौरस फूट. म्हणजे ज्यासाठी दुसऱ्या बिल्डरकडे जायचं ती सगळी वाढ पॅसेजमध्ये संपली, वर आठ फूट आणखी गेले.

पार्ल्याची अडचण दुहेरी आहे. विमानतळ शेजारी असल्यामुळे इमारतीच्या उंचीवर विमानतळ प्राधिकरणाची मर्यादा येते. एफएसआय (प्लॉटच्या प्रमाणात बांधता येणारं क्षेत्रफळ) मिळतो, पण वर चढायला वाव नसतो. मग तो क्षेत्रफळाचा लोंढा आडवा पसरतो. इमारत प्लॉटच्या हद्दीकडे सरकते, बाजूच्या मोकळ्या जागा आवळल्या जातात. या जागा उंचीच्या प्रमाणात किती हव्यात हे नियमांत आहे, पण कमी पडेल ती जागा महापालिकेत प्रीमियम भरून माफ करून घेता येते. शेजारच्या सोसायटीनेही तेच केलं की दोन्हीकडच्या खिडक्या समोरासमोर येतात.

या शहराला हे कळत नव्हतं असं नाही. 1896 च्या प्लेगनंतर, 1898 मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, कारण माणसं अंधाऱ्या, कोंदट खोल्यांत मरत होती. पुढे ट्रस्टचे प्रमुख जे. पी. ऑर यांनी 63.5 अंशांचा नियम लावून धरला. सोप्या भाषेत सांगायचं तर समोरची इमारत जितकी उंच, तिच्या निम्मी तरी मोकळी जागा खिडकीसमोर हवी, म्हणजे खालच्या खोलीतूनही आभाळ दिसतं. दादर, माटुंग्याच्या त्या काळच्या वसाहतींतून आजही मे महिन्यात चालून पाहा. इमारतींमधलं अंतर अंगाला जाणवतं. शंभर वर्षांपूर्वी जे जमलं ते आज जमत नाही, हे मला मान्य नाही.

म्हणून कमिटीला सांगा की टक्के ठरवण्याआधी दोन्ही बिल्डरांकडून टिपिकल मजल्याचा प्लॅन, बाजूच्या मोकळ्या जागांची मापं आणि डक्टची मापं मागवा. ते देतात. सभासदांनी मागितलं नाही, तर आपणहून कोणी देत नाही. प्लॅन हाती आला की पेन्सिलीने पलंग, कपाट, फ्रिज, जेवणाचं टेबल मापात काढा. दार उघडल्यावर कपाटाला लागतं का ते बघा. मग प्रत्येक खिडकीतून बाण काढा आणि तो किती फुटांवर भिंतीला आपटतो ते लिहा. घरात शाळकरी मूल असेल तर हे काम त्याला द्या, ते आवडीने करेल.

पुढे करार होईल तेव्हा तुमच्या स्वतःच्या घराचा मापांसह प्लॅन तुमच्या वैयक्तिक कराराला जोडलेला हवा. विकास करारात सोसायटीचं हित पाहिलं जातं, तुमच्या स्वयंपाकघराची खिडकी त्यात नसते. आणि सहकारी संस्था कायद्याच्या कलम 79-अ खालचे 4 जुलै 2019 चे शासनाचे निर्देश कमिटीने वाचले आहेत का, तेही विचारा. विशेष सभेला एकूण सभासदांपैकी दोन तृतीयांश हजर हवेत, ठरावाला एकूण सभासदांच्या 51 टक्क्यांची संमती हवी आणि बिल्डरकडून प्रकल्प खर्चाच्या 20 टक्क्यांची बँक गॅरंटी घ्यायची आहे. टक्केवारीच्या गोंगाटात या बँक गॅरंटीचा विषयच मागे पडतो. तो पडू देऊ नका.

गोरेगावला 1998 सालच्या इमारतीत वन बीएचके रिसेलला आहे. एजंट 'सव्वाचारशे कार्पेट' सांगतो. मालकांच्या करारात मात्र 370 आहे. एजंट म्हणतो, फ्लॉवर बेड आत घेतल्यामुळे वाढलं, सगळीकडे असंच असतं. आम्ही दोघं नोकरी करतो, पहिलंच घर आहे. घ्यावं का?
*– एक वाचक दांपत्य, गोरेगाव*

सगळीकडे असंच असतं हे खरं. त्यामागची गोष्ट कळली की पैसे कशाचे द्यायचे तेही कळेल.

त्या काळच्या नियमांत फ्लॉवर बेड, म्हणजे खिडकीबाहेरचा झाडांचा कट्टा, एफएसआयमध्ये मोजला जात नसे. कोनाडे, व्हॉइड अशा गोष्टींचंही तसंच. मग मुंबईभर प्रत्येक खिडकीला फ्लॉवर बेड आले. महापालिकेच्या नकाशात झाडं, प्रत्यक्षात खिडकीखालची भिंत पाडून खोली दोन-अडीच फुटांनी लांब. उपनगरांतल्या त्या दशकांच्या इमारतींचे दर्शनी भाग असे फुगीर, खाचाखोचांचे का दिसतात याचं कारण पुष्कळसं हेच. जानेवारी 2012 मध्ये नियम बदलले, या सगळ्या जागा एफएसआयमध्ये आल्या आणि त्या बदल्यात निवासी इमारतींना 35 टक्के फंजिबल (हवा तसा वापरता येणारा जादा) एफएसआय प्रीमियमवर मिळू लागला. त्यानंतरच्या इमारती एकदम सपाट, काचेच्या झाल्या. एका अधिसूचनेने शहराचा चेहरा बदलू शकतो, तो असा.

तुमच्यासाठी याचा अर्थ एवढाच की पैसे 370 चे द्या. उरलेले पन्नास-पंचावन्न फूट वापरायला मिळतील, पण ते तुमच्या मालकीचे म्हणून मोजू नका. उद्या पुनर्विकास झाला तर सोसायटी मंजूर नकाशातलं क्षेत्र धरेल. शिवाय तो भाग इमारतीतून बाहेर काढलेला स्लॅब आहे, माती आणि कुंड्यांसाठी. तिथे भरलेलं लोखंडी कपाट किंवा दगडी ओटा ठेवू नका. घर बघायला जाल तेव्हा त्या जोडाच्या रेषेवर, आतून आणि खालून, ओल आहे का ते पाहा. जुलैत गेलात तर उत्तमच.

कागदांत ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) बघा, सोसायटीच्या नावावर कन्व्हेयन्स, म्हणजे जमिनीचं हस्तांतरण, झालं आहे का विचारा. नसेल तर डीम्ड कन्व्हेयन्सचा (बिल्डरच्या सहीशिवाय सरकारी अधिकाऱ्याकडून हस्तांतरण करून घेण्याचा) मार्ग आहे, पण सोसायटीने तो सुरू केलेला असावा. जमीनच सोसायटीच्या नावावर नसेल तर पुढच्या सगळ्या गोष्टी अडतात. आणि घर पत्नीच्या एकटीच्या नावावर घेतलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. पहिल्या घराच्या खर्चात ती रक्कम लहान नसते.

घर स्वतः कसं आहे ते तुमच्या पत्रात नाही. खिडकी कुठल्या दिशेला, कोणत्या मजल्यावर, समोर काय? त्याची उत्तरं बरी असतील आणि मालक 370 च्या हिशोबावर येत असतील तर घ्या.

बिल्डर स्टिल्टमधलं (इमारतीखाली खांबांमधल्या जागेतलं) पार्किंग वेगळे पैसे घेऊन विकतो आहे. चालतं का?
*– एक वाचक, मुलुंड*

प्रकल्प रेरात नोंदलेला असेल तर चालू शकतं, उघडं पार्किंग मात्र विकता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये जुन्या मोफा कायद्याखाली म्हटलं होतं की स्टिल्टमधलं आणि उघडं पार्किंग ही सोसायटीची सामाईक जागा आहे, बिल्डरला ती स्वतंत्रपणे विकता येत नाही. रेराखाली मात्र झाकलेलं पार्किंग, स्टिल्टमधलंही, करारात त्याची जागा आणि मापं लिहून विकता येतं. रोखीत तर एक रुपयाही देऊ नका.

गिरगावात चाळीत आमच्या पागडीच्या (आधी एकरकमी पैसे देऊन घेतलेल्या, कमी भाड्याच्या) दोन खोल्या आहेत. इमारत 1940 च्या आधीची, उपकरप्राप्त. भाऊ म्हणतो, पागडी विकून बदलापूरला मोठं घर घेऊ. आईला गॅलरी सोडवत नाही. पुनर्विकासाच्या बैठका होतात आणि थांबतात. काय करावं?
*– एक वाचक, गिरगाव*

तुमच्या आईचं म्हणणं नुसता हट्ट म्हणून सोडून देऊ नका. चाळीची गॅलरी चार-पाच फुटांचीच असते, पण ती उघडी असते आणि खोलीला तिच्यामुळे दुसरी बाजू मिळते. पुढे गॅलरी, मागे खिडकी, म्हणून छोट्या खोल्यांतही हवा खेळते. म्हाताऱ्या माणसाला दिवसभरात आठ-दहा माणसं दिसतात, दोन शब्द होतात. बदलापूरच्या सहाव्या मजल्यावर दार लावून बसल्यावर हे कुठून आणणार?

आता बाजाराचं. 1947 च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी 1940 च्या पातळीवर गोठवली. मालकाला शंभर रुपये मिळणार आणि दुरुस्तीला लाख लागणार, मग तो हात लावत नाही. लाकडी तुळया कुजायला लागल्या, माणसं दगावायला लागली, तेव्हा 1969 च्या कायद्याने दुरुस्ती मंडळ आलं आणि उपकर सुरू झाला. तुमची इमारत 1 सप्टेंबर 1940 पूर्वीची, म्हणजे 'अ' वर्गातली. पागडीला कायद्याने मान्यता मिळाली ती 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याने.

पागडीची जागा विकताना मालकाची संमती आणि त्याचा वाटा आलाच. बँका पागडीच्या जागेवर सहसा कर्ज देत नाहीत, म्हणून गिऱ्हाईक रोख रक्कम हाती असलेलंच मिळतं. त्यामुळे गिरगावच्या मालकी हक्काच्या घराच्या तुलनेत तुम्हाला फारच कमी मिळेल. उलट विकास नियमावलीच्या 33(7) खाली पुनर्विकास झाला तर किमान 27.88 चौरस मीटर, म्हणजे 300 चौरस फूट कार्पेट, आणि तेही मालकी हक्काने मिळायला हवं. या दोन गोष्टींत इतकं अंतर आहे की घरात पैशांची निकड नसेल तर मी विकू नका म्हणेन.

पण नुसतं वाट बघत बसणं हाही सल्ला नाही. तुळयांची अवस्था बघून घ्या. छताच्या फळीत स्क्रू ड्रायव्हर सहज रुतत असेल, जिन्याची पायरी भिंतीपासून सुटत असेल, तर दुरुस्ती मंडळाकडे लेखी अर्ज आजच द्या आणि पोच घ्या. भाडेपावत्या, वीजबिलं, रेशनकार्ड, आजोबांच्या नावापासूनची साखळी एका फाइलमध्ये लावा. बैठका थांबतात त्या पुष्कळदा बिल्डरमुळे नव्हे, तर भाडेकरूंचीच यादी पक्की नसते म्हणून.

आणि गॅलरीचं: नव्या इमारतीत मागता येते. मजल्यावर मधोमध बंद लॉबी ठेवण्याऐवजी एका बाजूने उघडा मार्ग ठेवणारा प्लॅन करता येतो, निदान लॉबीच्या टोकाला आभाळाकडे उघडणारी बसण्याजोगी जागा तरी. विक्रीच्या भागात बिल्डर हे करणार नाही. पुनर्वसनाच्या इमारतीत, सगळे भाडेकरू एका तोंडाने बोलले तर ऐकतो. पुढच्या बैठकीत हा विषय तुमच्या आईलाच मांडू द्या.

शिवाजी पार्कला आमची 1940 च्या सुमाराची इमारत. गोल बाल्कन्या, मोझॅकच्या लाद्या, सागवानी खिडक्या. स्ट्रक्चरल ऑडिटमध्ये 'सी-2 बी' आलं. काही जण म्हणतात, आता पाडायलाच हवी. मी 74 वर्षांची आहे, एकटी राहते. इमारत खरंच गेली आहे का?
*– एक वाचक, शिवाजी पार्क*

नाही, गेलेली नाही. आणि हे तुमच्या अहवालातच लिहिलं आहे. 'सी-1' म्हणजे धोकादायक, रिकामी करून पाडायची. 'सी-2 ए' म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती. 'सी-2 बी' म्हणजे माणसं आत राहत असताना करता येईल अशी दुरुस्ती. 'सी-3' म्हणजे किरकोळ. सभेत कोणी 'सी-2 बी म्हणजे पाडा' म्हणाला, तर अहवालातलं ते पान मोठ्याने वाचून दाखवा.

तुमच्या भागातल्या इमारती मुंबईत आरसीसी (सळई घातलेलं काँक्रीट) नवं होतं तेव्हाच्या. मरीन ड्राइव्ह आणि ओव्हलच्या आर्ट डेको इमारती 2018 मध्ये युनेस्कोच्या यादीत गेल्या, शिवाजी पार्कच्या त्याच कुळातल्या. भिंत भर पावसात कोरडी राहावी म्हणून खिडकीवरून सलग धावणारा छज्जा, हवा वरून निघून जावी म्हणून खिडकीच्या वर झडपा, दहा फुटांहून उंच छत. हल्ली 2.75 मीटर, म्हणजे नऊ फूट उंची ठेवली की नियम पुरा होतो. मे महिन्यात त्या दीड फुटाचा फरक पंख्याखाली बसलेल्या माणसाला कळतो.

या इमारतींचा शत्रू खारा वारा आणि पाणी. ओल सळईपर्यंत पोचली की सळई गंजते, गंजलेलं लोखंड फुगतं आणि वरचं काँक्रीट फोडून बाहेर येतं. बाल्कनीच्या खालच्या बाजूला लांबट भेग, भोवती तांबूस डाग दिसला की समजायचं. त्यावर प्लास्टर मारून रंग देणं म्हणजे रोग झाकणं. सैल काँक्रीट काढून, सळई साफ करून, लागेल तिथे नवी जोडून, पॉलिमरच्या मसाल्याने किंवा मायक्रो काँक्रीटने भरायचं असतं, खांब कमकुवत असेल तर त्याला जॅकेटिंग, म्हणजे भोवती नवं काँक्रीट. आणि एक विनंती: कुणाच्या एसीसाठी छज्जा फोडू देऊ नका. छज्जा फुटला की दोन पावसाळ्यांत खालची भिंत गळायला लागते, आणि मग इमारत जुनी झाली असं सगळे म्हणतात.

ऑडिटरकडून चाचण्यांचे तक्ते मागा. हॅमर टेस्ट, अल्ट्रासोनिक, हाफ सेल, कोअर, यांतलं काय केलं आणि कुठल्या खांबावर केलं, हे त्यात हवं. कोणी दुसरं ऑडिट आणून 'सी-1' दाखवलं, तर दोन अहवालांतला वाद महापालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीकडे जातो. तिच्या निर्णयाआधी कोणी घर रिकामं करायला सांगितलं तर ऐकू नका.

दुरुस्तीच्या खर्चाची भीती सगळ्यांना वाटते, आणि ती खोटी नाही. सभासदांना अंदाजपत्रक तीन टप्प्यांत मांडून दाखवा: आधी गच्ची आणि पाण्याचे पाइप, मग खांब-तुळया, रंग सगळ्यात शेवटी. सोसायट्या बहुतेक वेळा उलटं करतात.

पुनर्विकास ठरला. बिल्डर म्हणतो, शिफ्टिंगचं भाडं सुरू करतो, महिनाभरात घरं रिकामी करा. परवानग्या 'येतच आहेत' म्हणतो. वैयक्तिक करारावर मोठं मुद्रांक शुल्क लागेल असंही सांगतात.
*– एक सभासद, चेंबूर*

79-अ च्या निर्देशांप्रमाणे सर्व परवानग्या हाती आल्यावरच सभासदांनी जागा सोडायची आहे. 'येतच आहेत' ही परवानगी नव्हे. आयओडी (महापालिकेची अटींसह पहिली मंजुरी), नोंदणी झालेला विकास करार आणि बँक गॅरंटीची प्रत सोसायटीच्या कार्यालयात बघून घ्या. भाडं निदान अकरा महिन्यांचं आगाऊ आणि पुढचे चेक तारखांसह मागा, कारण तुम्ही जिथे भाड्याने जाल तिथला मालकही अकरा महिन्यांचाच करार करेल, आणि त्याची नोंदणी कायद्याने लागते.

मुद्रांक शुल्काबाबत मुंबई उच्च न्यायालयाने 2023 मध्ये निकाल दिला आहे. विकास कराराचं शुल्क भरलेलं असेल तर सभासदाच्या त्याच घराच्या करारावर पुन्हा बाजारभावाने शुल्क लागत नाही, नाममात्र लागतं. तुम्ही पैसे देऊन जास्तीची जागा विकत घेतलीत तर तेवढ्यावर लागेल. सोसायटीच्या वकिलांकडून हे लेखी घ्या आणि मगच करारावर सही करा.